कासवाची बोट उकलली कुणी?

१

कासवाची बोट जागेवर नव्हती. भिंगताईला धक्का बसायला हवा होता, निदान हातातला घास तरी खाली पडायला हवा होता. तिने घास तोंडात घातला, नीट चावला आणि मग पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. बोट नव्हतीच.

दुपारची वेळ होती. चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, काचा घासायचं यंत्र बंद, समोरच्या भिंतीवर मोठ्याकडून बारीक होत गेलेली अक्षरं. या सुट्टीत डबा खाता खाता ती काउंटरमागच्या कॉम्प्युटरवर 'बंदर' उघडायची. बंदर म्हणजे एक गेम. गावोगावची माणसं आपापल्या घरून त्यात येतात, प्रत्येकाची एक बाहुली असते, आणि सगळ्यांनी मिळून समुद्रकाठी एक वस्ती बांधलेली आहे. तिथे खऱ्या नावाने कुणी कुणाला ओळखत नाही आणि खऱ्या आयुष्याची चौकशीही करत नाही. हिचं दुकान चष्म्याचं, म्हणून ही भिंग. वयामुळे आणि थोडं धाकामुळे, भिंगताई.

बंदराची ख्याती अशी, की तिथे कशालाच कुलूप नाही. कुणीही कुणाचंही घर मोडून सामान पिशवीत भरावं, गेम अडवत नाही. अडवतात ते तिथले रिवाज, आणि रिवाजाला कुणी जुमानलं नाही तर तीन राखणदार. भिंगताई त्यांतली एक. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात की बकऱ्यांच्या कुंपणातून गेलात तर मागे फाटक लावा, आणि कुणाच्याही दारात 'येऊ का?' असं लिहून थांबा, घर रिकामं असलं तरी. दुसऱ्या गेममध्ये आयाबहिणींचा उद्धार ऐकून कान किटलेली माणसं इथे आली की आधी बावचळतात आणि मग कायमची राहतात.

कासव हा भिंगताईचा धाकटा भाऊ. त्यानेच तिला इथे आणलं होतं. दोघं दोन गावांत, पण रोज दुपारी भेट इथे. गेल्या वर्षी तो गेला. आधी बोटं चालेनाशी झाली, मग हात, मग बाकीचं. तो गेल्यापासून बंदरातल्या त्याच्या घराच्या पायरीशी आलेला प्रत्येक जण हातातला कंदील क्षणभर खाली करतो. तसं कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप सुरू झालं.

त्या घराच्या अंगणात त्याची शेवटची बोट होती आणि बोटीवर त्याने ठोकलेली फळी. 'ताई, मी ठीक आहे. दुकान सोडून येऊ नकोस. बोट झाली की मीच येतो.' तो येऊ नकोस म्हणाला म्हणून ती गेली नव्हती. गेली ती थेट शेवटचं बघायला. त्यानंतर रोज ती या फळीसमोर येऊन बसायची, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर वर्षभर उभी होती. त्यानेच नको म्हटलं होतं ना.

मोडलेली वस्तू मोडणाऱ्याच्या पिशवीत जाते. रविवारी गेमची साफसफाई होते, तेव्हा सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या होतात आणि आतलं मग देवालाही परत आणता येत नाही. फळी हवी असेल तर चोर त्याआधी सापडायला हवा होता.

तिने डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. बोटीच्या रिकाम्या जागेवर कुणीतरी दोरी टाकून माप घेत उभं होतं.

२

तो ठोकळा होता. पोटापाण्यासाठी पावाची गाडी चालवायचा, बंदरात मात्र गवंडी. हात सोन्याचे आणि तोंड फाटकं, असा माणूस.

"ताई, मी आत्ताच आलोय. शपथ," त्याने घाईघाईने लिहिलं.

"मग दोरी कशाला?"

"किती जागा रिकामी झाली ते बघत होतो."

याहून वाईट उत्तर त्याला शोधूनही सापडलं नसतं. याच अंगणावर त्याचा डोळा होता, हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. त्याला तिथे दीपगृह बांधायचं होतं. कासव जिवंत असताना दोघांचं त्यावरून वाजलंही होतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. शिव्या कुणीच दिल्या नाहीत, बंदरात देत नाहीत. पण ठोकळा चौकात आला की माणसं अतिशय अदबीने दुसरीकडे निघून जायला लागली. ते शिव्यांपेक्षा वाईट दिसत होतं.

हेडमास्तरांचा फोन आला. ते थोरले राखणदार. शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

"भिंगताई, मनाला फार लागलं असेल."

"नाही लागलं," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. "रीप्ले बघितला का तुम्ही?"

"बघितला. सकाळी बंदर रिकामं असताना एक नवी बाहुली आली. नाव 'पाहुणा'. आजच जन्मलेलं अकाउंट. बोट मोडली, फळी घेतली, गेला. तेव्हापासून फिरकलेला नाही."

"म्हणजे बाहेरचा भुरटा."

"मलाही तसंच वाटलं. पण तुम्ही एकदा डोळ्यांनी बघा." ते घुटमळले. "आणखी एक. बोटीवरचे शब्द आम्ही धक्क्यावर दगडात कोरणार होतो, वर्षश्राद्धा— म्हणजे, वर्ष झालं म्हणून. तुम्हाला आश्चर्याचा आनंद द्यावा असं होतं मनात. घरच्यांची परवानगी हवी म्हणून कासवाच्या अकाउंटवर जो पत्ता होता, तिथे रीतसर लिहिलं होतं. उत्तर आलं नाही."

"बरं," भिंगताई म्हणाली. आनंद किंवा आश्चर्य, यांतलं काहीच तिला सापडलं नाही.

एक गिऱ्हाईक येऊन फ्रेमचा स्क्रू घट्ट करून घेऊन गेलं. मग तिने रीप्ले, म्हणजे गेमने टिपून ठेवलेलं सकाळचं चित्रण, लावला. पाहुणा धक्क्यावर उतरला. बकऱ्यांच्या कुंपणात शिरला, पलीकडून बाहेर पडला, आणि चोरी करायला निघालेल्या त्या माणसाने वळून मागे फाटक लावून घेतलं.

३

"म्हणजे आपल्यातलाच," सुई म्हणाली. सुई ही तिसरी राखणदार, दवाखान्यात नर्स. ड्युटीवरून सुटून बसस्टॉपवर उभी राहून बोलत होती, मागे गाड्यांचे आवाज येत होते. "बाहेरचा असता तर बकऱ्या सोडून धुमाकूळ घातला असता. हा तर दारात 'येऊ का?' म्हणून थांबलासुद्धा! किती वेळ थांबलाय बघितलंस?"

भिंगताईने बघितलं होतं. रिकाम्या घराच्या दारात माणूस क्षणभर थांबतो, रीत म्हणून. पाहुणा बराच वेळ उभा होता, कुणीतरी आतून 'ये' म्हणेल अशासारखा.

"मला वाटतं ठोकळाच," सुई म्हणाली. "आणि खरं सांगू? ज्याने केलं त्याने तुझं भलंच केलं असेल. रोज त्या फळीसमोर धोंड्यासारखी बसायचीस. मला नाही बघवायचं."

"म्हणजे तूही असू शकतेस."

"असू शकते," सुई शांतपणे म्हणाली. "माझीही बाजू मांड मग."

ही बंदराची रीत. ज्याच्यावर संशय, त्याची बाजू संशय घेणाऱ्यानेच मांडायची, आणि ती अशी, की समोरचा म्हणाला पाहिजे, 'हो, हेच मला सांगायचं होतं.' त्याशिवाय राखणदार पुढे पाऊल टाकत नाहीत. या रीतीमुळे निम्मी भांडणं वाटेतच विझतात. दुसऱ्याचं वकीलपत्र घेतलं की स्वतःचा राग पातळ होतो. भिंगताईला पातळ करायला राग नव्हता, पण रीत ती रीत.

"एक विचारू?" ती म्हणाली. "शेवटी शेवटी कासव तुला कसा वाटायचा?"

"फार नीट वागायचा गं. आधी कसला वाह्यात होता! माझ्या छपरावर बकरी चढवून ठेवायचा. शेवटच्या अर्ध्या वर्षात एक खोडी केली नाही. उलट माझ्या ड्युट्या विचारायचा, जेवलीस का विचारायचा. मला वाटलं, आजाराने मऊ पडला. विचारलं नाही. आपला नियमच आहे ना, खासगी विचारायचं नाही."

मग ठोकळ्याची पाळी. त्याने पावाची गाडी कुठेतरी कडेला लावून फोन घेतला होता.

"मांडा माझी बाजू," तो तुटकपणे म्हणाला. "ऐकू तरी."

भिंगताईने रीप्ले समोर ठेवला आणि ठोकळ्याच्या जागी उभी राहून बोलायला लागली. "मी ठोकळा. मला अंगण हवं होतं, हे खरं. पण कासव गेल्यावर मी एकदाही मागितलं नाही. बोट घ्यायचीच असती तर मी पाहुणा झालो असतो, धक्क्यावर उतरलो असतो, कुंपण ओलांडून खाडीपाशी आलो असतो, आणि..."

ती थांबली. स्क्रीनवर पाहुणा खाडीच्या काठाने चालत होता. लांबच्या लांब, सगळ्या खाडीला वळसा घालून. त्याच्या डाव्या हाताला धडधडीत पूल उभा होता.

"पूल कुणी बांधला, ठोकळ्या?"

"मी! दुसरं कोण? कासव गेला त्याच्या पुढच्या महिन्यात. त्याच्या घराकडे जायला माणसांना वळसा पडायचा, म्हणून. भांडलो होतो त्याच्याशी. दुसरं काय करणार होतो मी?"

"मग मी ठोकळा," भिंगताई पुढे म्हणाली, "स्वतः बांधलेल्या पुलावरून न जाणारा गवंडी अजून जन्माला यायचाय. तो पाहुणा मी नाही."

ठोकळा म्हणाला, "हो. हेच मला सांगायचं होतं."

म्हणजे चोराला फाटक माहीत, 'येऊ का' माहीत, आणि पूल मात्र माहीत नाही. भिंगताईने रीप्ले थोडा पुढे नेला. पाहुणा पायरीशी आला आणि तरातरा वर चढला. कंदील त्याच्या हातात होता. तो त्याने खाली केला नाही.

४

दुसऱ्या दिवशी तिने हेडमास्तरांना हे सांगितलं.

"मुद्दाम केलं असेल," ते म्हणाले. "आपण नवखे आहोत असं भासवायला पूल टाळला, कंदील टाळला."

"नवखं भासवायचं असतं तर आधी फाटक उघडं टाकलं असतं. ज्याला पुलाचं सोंग सुचतं, त्याला फाटकाचं सुचत नाही? फाटक आणि 'येऊ का' हे हाताच्या सवयीने झालं, सर. पूल आणि कंदील ही सवय त्या हाताला लागलेलीच नाही."

"म्हणजे जुना सदस्य, मधे सोडून गेलेला."

"कासव गेला तेव्हा किंवा त्याच्या आधी सोडलेला. आणि आता अचानक परत आलेला."

हेडमास्तरांनी आठवून आठवून नावं काढली. बंदर सोडून जाणारी माणसं फार थोडी, आणि जी गेली त्यांना कासवाच्या फळीशी देणंघेणं नव्हतं. तर्क इथवर येऊन अडला. रविवार उद्यावर आला होता.

दुपारी दुकानात एका म्हाताऱ्या बाईंचे डोळे तपासताना भिंगताई यंत्राच्या काचा बदलत होती. ही बरी की ती? ही की ती? बाई म्हणाल्या, "अहो, दोन्ही सारख्याच. तुम्ही फक्त पुढच्या मागे घालताय." भिंगताईने त्यांचा नंबर लिहून दिला, त्यांना दाराशी सोडलं, आणि परत येऊन रीप्लेचा तो भाग लावला जो ती आतापर्यंत टाळत आली होती. बोट मोडतानाचा.

तिला वाटलं होतं, घाव घातले असतील. तसं काही नव्हतं. पाहुण्याने आधी शीड उतरवलं. मग दोऱ्या सोडल्या. मग डोलकाठी, मग बाकं, मग फळ्या, पुढच्या टोकापासून मागे, एकेक करून. कुठे अडला नाही, कुठे चाचपडला नाही. बोटीच्या पोटात एक आडवी पट्टी होती, बाहेरून न दिसणारी. ती काढल्याशिवाय तळ सुटत नव्हता. त्याने ती पहिल्या झटक्यात काढली.

तिने बोट बांधतानाचा जुना रीप्ले शोधून काढला आणि शेजारी लावला. कासवाची बाहुली, गेल्या वर्षीची. मागच्या टोकापासून पुढे फळ्या, मग बाकं, मग डोलकाठी, मग दोऱ्या, शेवटी शीड. जे शेवटी चढलं होतं ते आधी उतरलं होतं, शेवटच्या पट्टीपर्यंत.

बोट ज्याने बांधली होती, त्यानेच ती उकलली होती.

५

भिंगताई भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. तरी पाणी प्यायला उठली आणि ग्लास भरून तसाच ठेवून परत आली.

ज्याला बंदराचे रिवाज कासव जाईपर्यंतचेच माहीत, जो त्याच्या अंगणात डोळे मिटून वावरतो, जो त्याची बोट आतून ओळखतो, असा माणूस एकच होता आणि तो मेलेला होता. हेडमास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी तिला सुईकडे पाठवलं असतं, औषधासाठी.

बाजू मांड, तिने स्वतःला सांगितलं. कासवाची बाजू. मी कासव. मी बोटी बांधतो. कशा बांधतो?

त्याच्या जुन्या, धडधाकट असतानाच्या बोटींचे रीप्ले तिने एकामागून एक लावले. पहिल्या बोटीत तो पुढच्या टोकापासून सुरुवात करत होता. दुसऱ्या बोटीतही. सगळ्यांतच. आधी नाक, मग बाकीचं, आणि मधेच काम टाकून कुणाच्यातरी छपरावर बकरी चढवायला पळत होता. शीड तर तो अर्धी बोट झाल्यावरच उभं करायचा, दिसायला छान दिसतं म्हणून.

शेवटची बोट मागून पुढे बांधलेली होती. नीट, न थांबता, एकही बकरी न चढवता.

बाहुली कासवाची होती. हात कासवाचे नव्हते. असणार कसे? तेव्हा त्याची बोटं चालतच नव्हती. हे तिला कळायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो तिला लिहायचा, 'हळूहळू जमतं गं, वेळ लागतो फक्त,' आणि ती मान डोलवायची. फोन केला की भावजय म्हणायची, 'झोपलाय.' पुढे त्याने लिहिलं, 'घसा बसलाय, लिहूनच बोलू.' बंदरात खासगी विचारायचं नाही, हा नियम तिने सख्ख्या भावालाही लावला होता. किती सोयीचा नियम.

त्या घरात त्याच्या खुर्चीपाशी बसणारं माणूस एकच होतं. आणि हेडमास्तरांचं ते अदबशीर पत्र त्याच घरी गेलं होतं.

तिने दुकानाचं शटर पूर्ण खाली ओढून कुलूप लावलं. शेजारचा घड्याळवाला बाहेर आला. "काय हो, आज लवकर? सगळं ठीक ना?"

"भावाकडे जाऊन येते," ती म्हणाली.

भाऊ असताना जे शटर बंद झालं नव्हतं, ते आज एका फळीसाठी बंद झालं, हे तिला गाडीत बसल्यावर कळलं. कळलं, आणि खिडकीबाहेर खांब येत-जात राहिले.

६

भावजयीने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"ताई? तुम्ही? आणि दुकान?"

"बंद केलं."

खोलीत फार काही बदललेलं नव्हतं. कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकलेली. टेबलाच्या कडेला त्याचा हात ठेवायला बसवलेला लाकडी टेकू अजून तसाच होता. भिंगताई त्याच्या खुर्चीत न बसता पलंगाच्या काठावर बसली.

"पिशवीत आहे ना अजून?" तिने विचारलं.

भावजयीने ताकास तूर लागू न देण्याचा प्रयत्नही केला नाही. "आहे. तुम्हाला कसं..."

"फाटक लावलंस."

"त्याने शिकवलेलं," ती म्हणाली. "पहिल्यांदा माऊस हातात दिला तेव्हा. बकरी गेली तर घटस्फोट, म्हणाला होता."

दोघींपैकी कुणी हसलं नाही.

"हात गेले तेव्हा तो सांगायचा आणि मी करायचे," भावजय सांगू लागली. तिने कुरिअरच्या ऑफिसातली नोकरी तेव्हाच सोडली होती. "मग जीभ गेली. त्यानंतरचं सगळं मीच. बोट मीच बांधली, ताई. फळीही माझीच. परवा हेडमास्तरांचं पत्र आलं, त्यांचे शेवटचे शब्द दगडात कोरू का म्हणून. किती सभ्य लिहिलंय! मला झोप लागेना. माझं खोटं, दगडात, त्याच्या नावाने, आणि तुम्ही रोज त्याच्यासमोर बसणार."

"दारात इतका वेळ का थांबलीस?"

"'येऊ का' लिहिलं ना. मग थांबावंसं वाटलं."

भिंगताईने तिच्याकडे बघितलं. "त्याचे स्वतःचे शेवटचे शब्द काय होते?"

"'उशी सरकव.'"

"मला बोलव असं म्हणाला नाही कधी?"

भावजय टेबलाच्या त्या टेकूवर हात ठेवून उभी राहिली. "बोलणं गेल्यावर मी एकदा विचारलं, ताईंना बोलावू का. वर बघितलं की हो आणि बाजूला बघितलं की नको, एवढंच आमचं ठरलं होतं. त्याने डोळे मिटले. मिटण्याचं आमचं काहीच ठरलं नव्हतं."

"मग?"

"मी नको समजले."

"परत का नाही विचारलंस?"

खालून रस्त्यावरून कुणाचीतरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला.

"हो म्हणाला असता तर?" भावजय म्हणाली. "दिवसभर मी त्याला फिरवायचे, पुसायचे, भरवायचे. घरात एक शब्द नाही. दुपारी तुम्ही यायचात. 'आलास का रे? जेवलास का?' विचारायचात. दुकानातल्या गमती सांगायचात. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणीतरी बोलायचं. तुम्ही इथे आला असतात तर सगळं उघडं पडलं असतं, आणि मग मी नुसती भावजय. भावजयीला तुम्ही दिवाळीला, वाढदिवसाला फोन करायचात, तेवढाच. म्हणून लिहिलं, येऊ नकोस. त्याच्यासाठी नव्हतं ते, माझ्यासाठी होतं."

भिंगताई रागाची वाट बघत बसली. वर्षभर तिच्याकडे काहीच आलं नव्हतं. रडू नाही, राग नाही, भूकसुद्धा घड्याळ बघून. आता राग आला, आणि आला तो तिच्या अंगात मावेना.

"मला त्याच्याजवळ बसायचं होतं," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की भावजय मागे सरकली. "तो माझा भाऊ होता. त्याचा हात मला धरायचा होता, चालत नसला तरी. हे मी तुला माफ करणार नाही."

"नका करू."

"आणि बोलायचंच होतं तर बोलवायचं होतंस, मूर्ख! इथे बसले असते मी. तुझ्याशीच बोलले असते. दुसरं कोण होतं बोलायला?"

भावजयीने चादर काढली, कॉम्प्युटर सुरू केला, पाहुण्याची पिशवी उघडली आणि खुर्चीवरून उठली. पिशवीत सगळं नीट रचलेलं होतं. सगळ्यात वर फळी.

"घ्या. तुमची आहे."

भिंगताईने ती वाचली. शब्द तेच होते. "माझी नाही," ती म्हणाली. "मला लिहिलेली आहे, पण माझी नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हेडमास्तर होते.

"भिंगताई, काही धागा? उद्या साफसफाई आहे."

"सापडलं सर. ठोकळ्याला चौकात सगळ्यांसमोर निर्दोष म्हणा, आजच. आणि दगड कोरू नका. ते शब्द त्याचे नव्हते."

"आणि गुन्हेगार?"

"नाव देत नाही. 'मिटलं' म्हणून लिहा."

"मिटलं का खरंच?"

तिने समोर उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं. "नाही. पण लिहा."

फोन ठेवून तिने पाय पलंगावर घेतले. परतीची गाडी निघायची वेळ झाली होती. तिने घड्याळ बघितलं आणि हातातून काढून बाजूला ठेवलं.

"बस," ती भावजयीला म्हणाली. "आता त्याचं शेवटचं अर्धं वर्ष सांग. पहिल्यापासून. तुझ्या तोंडाने सांग, आणि काही गाळू नकोस."

भावजय त्याच्या खुर्चीत बसली आणि सांगू लागली. सकाळी त्याला कसं उठवायची, कुठल्या कुशीवर त्याला बरं वाटायचं, कुठल्या औषधाला तो तोंड वाकडं करायचा. भिंगताई कोरड्या डोळ्यांनी ऐकत होती. दाढी करताना त्याला शेवटच्या दिवसापर्यंत गुदगुल्या व्हायच्या, आणि हसता येत नव्हतं तरी डोळे हसायचे, हे ऐकल्यावर मात्र ती रडायला लागली. भावजय थांबली नाही. पुढचं सांगत राहिली.